ताकदवान कन्सोलच जास्त खपतो?

‘ज्याचे ग्राफिक्स भारी, तोच कन्सोल बाजार मारतो’ हे वाक्य कन्सोलबद्दल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांबद्दल, वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

२००६ साली निन्टेंडोचं वी आणि सोनीचं प्लेस्टेशन ३ हे दोन कन्सोल अमेरिकेत आले. ताकदीत वी फारच मागे होतं, एचडी चित्रही देत नव्हतं. पण किंमत २५० डॉलर. प्लेस्टेशन ३ मात्र ४९९ पासून पुढे. वी सुमारे १० कोटी खपलं, प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास. वीचा रिमोट हातात धरून रॅकेटसारखा फिरवला की टेनिस सुरू! बटणांची भीती बाळगणाऱ्या आजी-आजोबांनाही ते जमायचं. जपान वगळता बहुतेक ठिकाणी ‘वी स्पोर्ट्स’ हा गेम सोबतच मिळे, म्हणजे वेगळा खर्च नाही. माझ्या मते खरी किल्ली इथेच होती.

त्याआधीचं प्लेस्टेशन २ घ्या. मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स त्याहून ताकदवान होता, तरी प्लेस्टेशन २ १५ कोटींच्या वर गेलं. त्यावर डीव्हीडी चालायची, जुन्या प्लेस्टेशनचे गेमही चालायचे.

स्वस्ताई आणि नावीन्यही पुरेसं नसतं, हेही सांगायलाच हवं. निन्टेंडोचं २०१२ चं वी यू हे नवं यंत्र आहे की जुन्या वीचं जोडउपकरण, हेच अनेक ग्राहकांना कळलं नाही. ते दीड कोटीही खपलं नाही.