रस्ता रुंद केला की कोंडी सुटते?

‘रस्ता रुंद करा, कोंडी आपोआप सुटेल’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. सुटते, पण चार दिवसांपुरती. रस्ता मोकळा दिसला की गर्दीची वेळ टाळणारे ऐन गर्दीत निघतात, बसने जाणारे गाडी काढतात, लांबचं घरही चालेलसं वाटू लागतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद झाला. सेवारस्ते धरून काही ठिकाणी तब्बल २६ मार्गिका! काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. उलट दक्षिण कोरियाच्या राजधानीने, सोलने, २००३ मध्ये भर शहरातला उन्नत महामार्ग पाडायला घेतला, जोडीला बससेवा सुधारली. हाहाकार काही माजला नाही. अरुंद पूल, अडचणीचा चौक जरूर दुरुस्त करावा. नवी मार्गिका मात्र बसला द्यावी: पन्नास माणसांची बस जेमतेम तीन मोटारींची जागा घेते.