इनर लाइन आदिवासींच्या भल्यासाठी आखली होती म्हणे!

इंग्रजांनी ईशान्येत इनर लाइन, म्हणजे पासशिवाय ओलांडायची नाही अशी सरकारी रेघ, आखली ती आदिवासींची संस्कृती जपायला, असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कसली संस्कृती! १८७३चा तो नियम आला मुख्यतः चहामुळे. आसामातल्या काछारचे मळेवाले डोंगराकडे सरकत चालले, रबर-हत्तींवरून भांडणं, त्यात १८७१ला आजच्या मिझोरमच्या डोंगरातल्या लुशाई आदिवासींनी अलेक्झांड्रापूरच्या मळ्यावर धाड टाकली, विंचेस्टर नावाच्या मळेवाल्याला मारून त्याची लहान मुलगी मेरी पळवली, मग लष्करी मोहीम नि खर्च सरकारच्या गळ्यात. म्हणून पासशिवाय पलीकडे जायचं नाही, आणि हे बंधन होतं ब्रिटिश प्रजेवर! रेघसुद्धा सोयीनं सरकवायचे, लुशाई टेकड्या तर पुढे १८९०च्या सुमारास ताब्यातच घेतल्या. आज मिझोरम-नागालँडला तेच परमिट संरक्षण म्हणून हवंय, हे खरंय, पण ती नंतरची गोष्ट.