आरशाने घडवलेली काच: जुन्या वाइड-अँगल लेन्सची पार्श्वभूमी

फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी जुनी, स्वस्त वाइड-अँगल लेन्स शोधणाऱ्याला एक गोष्ट लवकरच चक्रावून टाकते. १९५०-६० च्या दशकांत ज्या लेन्स प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत शुद्ध मानल्या जात, त्यांतल्या बऱ्याच डिजिटल सेन्सरवर कोपऱ्यांत पार कोलमडतात. ज्या लेन्सकडे त्या काळी तडजोड म्हणून पाहिलं जाई, त्या आजही नेटकं काम देतात आणि परवडणाऱ्याही असतात. याचं कारण लेन्सवर छापलेल्या आकड्यांत सापडत नाही. ते सापडतं कॅमेऱ्यातल्या आरशात.

२८ मिलिमीटर फोकल लांबीची लेन्स (हा आकडा जितका लहान, तितका कोन रुंद) अनंतावर फोकस केली, की साध्या रचनेत तिची काच फिल्मपासून साधारण तेवढ्याच अंतरावर येते. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात, म्हणजे चौकट वेगळ्या खिडकीतून पाहायच्या कॅमेऱ्यात, त्याची काही अडचण नव्हती, कारण लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये शटरच्या पडद्याखेरीज काही नसे. सिंगल लेन्स रिफ्लेक्स, म्हणजे एसएलआर कॅमेऱ्यात मात्र लेन्समधलं दृश्य डोळ्यापर्यंत नेणारा आरसा तिथे वर-खाली होतो. त्याला जागा हवी म्हणून माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते ती जागा, फिल्मपासून ४५ मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवावा लागला: एम४२ स्क्रू माउंटचं हे अंतर ४५.४६, निकॉन एफचं ४६.५. मग २८ मिलिमीटरची लेन्स फिल्मपासून इतकी दूर ठेवून चित्र फिल्मवर आणायचं कसं?

उत्तर आधीच एका वेगळ्या क्षेत्रात निघालेलं होतं. १९३० च्या दशकात टेक्निकलरच्या सिने-कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये रंग वेगळे करणारा प्रिझम बसवावा लागे. त्यासाठी इंग्लंडच्या टेलर हॉबसन कंपनीने दूरचं जवळ दाखवणाऱ्या टेलिफोटो लेन्सची रचना उलटी केली: पुढे प्रकाश पसरवणारा भिंगांचा गट, मागे तो एकत्र आणणारा गट. स्थिरचित्रणाच्या एसएलआरसाठी हाच मार्ग १९५० साली फ्रान्सच्या पिअर आंजेन्यू यांनी घेतला. एक्झाक्टा कॅमेऱ्यासाठी त्यांनी ३५ मिमी एफ/२.५ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो) काढली आणि तिला ‘रेट्रोफोकस’ हे व्यापारी नाव दिलं. पुढे ते नाव साऱ्या प्रकारालाच चिकटलं. त्याच सुमारास पूर्व जर्मनीत त्साइस येना ही कंपनी ३५ मिमी एफ/२.८ फ्लेक्टोगॉनवर काम करत होती. पश्चिम जर्मनीतल्या त्साइसने नंतर आपल्या या कुळाचं नाव डिस्टागॉन ठेवलं.

रेट्रोफोकस फुकट मिळालं नाही. उलटी रचना मुळातच असमान असते: पुढचा गट आणि मागचा गट एकमेकांचे दोष आपोआप खोडत नाहीत. त्साइसच्या बायोगॉनसारख्या जवळजवळ सममित लेन्समध्ये सरळ रेषा सरळच राहतात. रेट्रोफोकसमध्ये त्या बाहेर फुगू लागतात आणि ते आवरायला आणखी भिंगं घालावी लागतात. प्रत्येक भिंगाबरोबर हवा आणि काच यांच्या सीमेवरचे पृष्ठभाग वाढतात. लेप नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. सुटी आठ भिंगं धरली तर सोळा पृष्ठभाग, म्हणजे जवळपास निम्मा प्रकाश वाटेतच जातो, आणि त्यातला काही भाग आत भटकत राहून चित्र धुरकट करतो. १९३५ मध्ये त्साइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा लेप काढला नसता, तर अशा लेन्स व्यवहारात उतरणं अवघड होतं. साध्या एकपदरी लेपाने ते नुकसान एकूण प्रकाशाच्या सुमारे पाचव्या हिश्शापर्यंत येतं. १९७१ मध्ये पेंटॅक्सने सुपर-मल्टी-कोटेड ताकुमार बाजारात आणल्या आणि बहुपदरी लेप हळूहळू साऱ्यांनीच उचलला.

दुसरी अडचण होती गणिताची. प्रत्येक किरण प्रत्येक पृष्ठभागावर कुठे वळतो, हे माणसं लॉगच्या तक्त्यांवर आणि हातयंत्रांवर मांडत. जपानमधला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक ‘फुजिक’ १९५६ मध्ये पूर्ण झाला तो फुजी फोटो फिल्म कंपनीत, लेन्सच्या आकडेमोडीसाठी. त्याच सुमारास येनातही त्साइसने याच कामासाठी ‘ओप्रेमा’ उभारला. जुन्या लेन्सच्या चर्चेत काचेचं आणि पितळेचं कौतुक खूप होतं, या गणकयंत्रांचं जवळजवळ होत नाही. माझ्या मते १९५५ आणि १९७५ च्या रेट्रोफोकसमधला फरक काचेपेक्षा या आकडेमोडीने जास्त घडवला. म्हणून ५० च्या दशकातली लेन्स तिच्या खास छटेसाठी जरूर घ्यावी, पण काठापर्यंत रेखीव चित्र हवं असेल तर तिच्याकडून ती अपेक्षा करू नये.

या दोन वाटा एकाच कॅमेऱ्यावर समोरासमोर आल्याचं उत्तम उदाहरण म्हणजे निकॉन एफ. १९५९ मध्ये तो आला तेव्हा २१ मिमीची चांगली रेट्रोफोकस लेन्स निकॉनकडे नव्हती. त्यांनी २१ मिमी एफ/४ ची सममित लेन्सच एसएलआरला बसवली. तिचा मागचा भाग इतका आत जाई, की आधी आरसा वर अडकवावा लागे आणि चौकट पाहायला वेगळा व्ह्यूफाइंडर वर लावावा लागे. त्या काळी ती लेन्स उत्कृष्ट होती.

फिल्मला प्रकाश तिरका आला तरी फारसा फरक पडत नाही, कारण तिचा संवेदनशील थर पातळ असतो. डिजिटल सेन्सरची गोष्ट निराळी. त्यावर गाळण्यांचा आणि संरक्षक काचेचा थर असतो, आणि अनेक फुल-फ्रेम कॅमेऱ्यांत तो सुमारे २ मिलिमीटर जाड असतो. सममित लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ असल्यामुळे कोपऱ्याकडे जाणारे किरण फार कललेले असतात. ते या जाड काचेतून जाताना फोकसची पातळी वाकते, बारकावे ओढल्यासारखे पुसट होतात, आणि शेजारच्या पिक्सेलवर सांडलेल्या प्रकाशामुळे काठांना जांभळट किंवा हिरवट झाक चढते. रेंजफाइंडर बनवणाऱ्या लायकाने आपल्या एम८ आणि एम९ या डिजिटल कॅमेऱ्यांत ही काच मुद्दाम पातळ, १ मिलिमीटरच्याही आत ठेवली आणि काठाकडच्या पिक्सेलवरची सूक्ष्मभिंगं सरकवली, ती याच जुन्या लेन्ससाठी. पुढे मागून प्रकाश घेणारे, म्हणजे बीएसआय सेन्सर आले. फुल-फ्रेममध्ये त्यांची सुरुवात २०१५ च्या सोनी ए७आर-२ पासून झाली. त्यांनी रंगाची झाक बरीच कमी केली, पण काचेच्या जाडीमुळे येणारा पुसटपणा तसाच राहिला.

रेट्रोफोकसमध्ये मात्र आरशासाठी सोडलेल्या त्या जागेमुळेच किरण सेन्सरवर बरेच सरळ पडतात. १९५० मध्ये नाइलाजाने घेतलेला निर्णय अर्ध्या शतकानंतर असा उपयोगी पडला. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पैसे मोजून घेणार असाल आणि कॅमेरा लायका नसेल, तर एसएलआरची वाइड-अँगल घ्या. बायोगॉनच्या वंशातली सोव्हिएत ज्युपिटर-१२ ही ३५ मिमी लेन्स स्वस्त मिळते आणि तिची चित्रं मध्यभागी सुरेख येतात, पण तिचं मागचं भिंग इतकं बाहेर आलेलं असतं, की काही कॅमेऱ्यांत ते आत टेकण्याचीच भीती असते.

मग एसएलआरच्या ढिगातून निवड कुठल्या काळातली करावी? माझा कल १९६७ ते १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या लेन्सकडे आहे. १९६७ मध्ये निकॉनच्या २४ मिमी एफ/२.८ ने जवळच्या अंतरासाठी भिंगांचा एक गट वेगळा सरकवण्याची सोय आणली, म्हणजेच तरंगता गट. रेट्रोफोकसचे कोपरे जवळच्या फोकसला विशेष बिघडतात, त्यावर हा इलाज होता. १९७२ मध्ये ऑलिंपसने योशिहिसा मैतानी यांच्या देखरेखीखाली ओएम मालिका सुरू केली आणि लेन्सचा आकारच बदलून टाकला. त्यांच्या २१ मिमी एफ/३.५, २४ मिमी एफ/२.८ आणि २८ मिमी एफ/३.५ या तिन्ही झुइको लेन्सना ४९ मिमीचं एकच फिल्टर चालतं. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर ॲडॉप्टर (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवणारी कडी) लावल्यावर मोठी लेन्स पुढे झुकते, तेव्हा हा लहानपणा फार कामाचा ठरतो. मिनोल्टाची २४ मिमी एफ/२.८ रोकोर तर लायकालाही पसंत पडली. दोन कंपन्यांच्या करारानंतर तीच प्रकाशीय रचना एल्मारिट-आर म्हणून लायकाच्या नावाने विकली गेली. दोघींच्या किमतींतली तफावत मुख्यतः नावाची आहे.

या काळात आणखी एक वर्ग वाढला. पॉन्डर अँड बेस्ट या अमेरिकी आयातदार कंपनीने विविटार हे नाव चालवलं, पण तिचा स्वतःचा लेन्सचा कारखाना नव्हता. लेन्स जपानी कारखान्यांत बनत, आणि कोणत्या कारखान्यात ते लेन्सवरच्या अनुक्रमांकाच्या सुरुवातीवरून कळतं: २२ म्हणजे किनो, २८ म्हणजे कोमिने, ३७ म्हणजे टोकिना. किनो आणि कोमिनेच्या २८ मिमी एफ/२ लेन्स आजही शोधण्याजोग्या आहेत. टॅमरॉनने बदलत्या माउंटची ॲडॅप्टॉल-२ मालिका १९७९ मध्ये आणली. तिच्यातली २४ मिमी एफ/२.५ आणि १७ मिमी एफ/३.५ या लेन्सनी मोठ्या नावांखेरीज रुंद कोन मिळवून दिला. सोव्हिएत मिर-१ वर कोरलेलं ‘ग्रां प्री ब्रसेल्स १९५८’ हे तिथल्या जागतिक प्रदर्शनातल्या बक्षिसाचं चिन्ह. रचना फ्लेक्टोगॉनच्या घराण्याची आणि फोकल लांबी ३७ मिमी, म्हणून रुंदपणासाठी तिच्याकडे जाऊ नये.

या लेन्स स्वस्त झाल्या त्या टप्प्याटप्प्याने. १९८० च्या दशकात झूमने एकाच फोकल लांबीच्या लेन्सची जागा घेतली. १९८५ मध्ये मिनोल्टाने आणि १९८७ मध्ये कॅननने ऑटोफोकससाठी माउंट बदलले, आणि जुन्या लेन्सचा सारा साठा एका फटक्यात पोरका झाला. निकॉनने माउंट कायम ठेवला, म्हणून तिच्या जुन्या लेन्सची किंमत टिकून राहिली. नंतर सुरुवातीच्या परवडणाऱ्या डिजिटल एसएलआरमध्ये लहान सेन्सर आले. त्यांच्यावर २८ मिमीचा कोन ४२-४५ मिमीसारखा अरुंद होई, मग जुनी वाइड घेण्यात अर्थच उरला नाही.

दिवस पालटले ते २००२ च्या कॅनन १डीएस आणि विशेषतः २००५ च्या ५डी पासून. फुल-फ्रेम सेन्सरने कॅननच्या स्वतःच्या वाइड लेन्सच्या कोपऱ्यांतले दोष उघडे पाडले, आणि काही छायाचित्रकार त्साइस, ऑलिंपस, निकॉनच्या जुन्या लेन्स ॲडॉप्टरने कॅननवर लावू लागले. कॅननच्या ईएफ या ऑटोफोकस माउंटचं फिल्मपासूनचं अंतर, म्हणजे माउंट-अंतर, ४४ मिलिमीटर, त्यामुळे त्याहून जास्त अंतराच्या लेन्स चालत. गंमत अशी, की कॅननच्याच जुन्या एफडी लेन्सचं अंतर ४२, मिनोल्टाचं ४३.५ आणि कोनिकाचं ४०.५. त्या अनंतावर फोकस होईनात. म्हणून या तीन घराण्यांच्या लेन्स आणखी बरीच वर्षं कवडीमोलाने मिळत राहिल्या. २०१३ मध्ये सोनी ए७ आला, माउंट-अंतर १८ मिलिमीटर, आणि त्यांना पहिल्यांदा पूर्ण चौकट मिळाली. निकॉन झेडचं अंतर १६ आणि कॅनन आरएफचं २० आहे. आता जवळजवळ प्रत्येक जुना माउंट चालतो.

आजच्या निवडीत या इतिहासाचे ठसे दिसतात. ३५ आणि २८ मिमी एफ/२.८ किंवा एफ/३.५ भरपूर खपल्या, म्हणून स्वस्त. २४ मिमी मधल्या भावात, आणि २०-२१ मिमीला खिसा हलका होतो. नवशिक्याने २८ मिमीपासून सुरुवात करावी आणि एफ/३.५ ला कमी लेखू नये. कमी उजेडाची चिंता आजचे सेन्सर मिटवतात. निसर्गचित्रासाठी एफ/८ वरच काम होणार असेल, तर माफक रचनेची लेन्स काठापर्यंत अनेकदा जास्त सारखं चित्र देते. मात्र नाव आणि आकडा सारखा असला तरी आतली लेन्स वेगळी असू शकते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात खर्च आणि आकार कमी करण्यासाठी भिंगं कमी झाली. मिनोल्टाची २८ मिमी एफ/२.८ सातावरून पाच भिंगांवर आली, आणि निकॉनची स्वस्त ई मालिकेतली २८ मिमीही पाच भिंगांची आहे. उलट त्याच निकॉनच्या एआय-एस २८ मिमी एफ/२.८ मध्ये तरंगत्या गटासह आठ भिंगं आहेत आणि ती २० सेंटीमीटरपर्यंत फोकस होते. त्यामुळे विकणाऱ्याकडून आवृत्ती नक्की करून घ्यावी. बुरशी, धूसर थर आणि लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवरचं तेल हेही तेव्हाच उजेडात पाहून घ्यावं.

ॲडॉप्टरबद्दल सहसा कमी बोललं जातं. अनंत हुकू नये म्हणून बरेच ॲडॉप्टर किंचित पातळ बनवतात. ५० मिमीच्या लेन्सवर ०.१ मिलिमीटरच्या फरकाने अनंत २५ मीटरच्या खुणेवर येतं. २० मिमीवर तोच फरक अनंताला ४ मीटरच्या खुणेवर आणून ठेवतो. साध्या लेन्समध्ये त्याने फारसं बिघडत नाही. पण तरंगता गट असलेल्या लेन्समध्ये भिंगांमधलं अंतर ४ मीटरसाठीचं आणि दृश्य अनंतावरचं, अशी विसंगती होते आणि कोपरे विनाकारण मऊ पडतात. जी लेन्स वाईट म्हणून परत केली जाते, तिचा दोष बरेचदा या कडीत असतो. तपासायला सोपं आहे: दूरच्या एखाद्या इमारतीवर मध्यभागी फोकस करून अंतराची खूण पाहावी आणि चारही कोपऱ्यांची तुलना करावी. खूण अनंतापासून फार अलीकडे असेल, तर ॲडॉप्टर पातळ आहे. एकच बाजू पुसट असेल, तर भिंग सरकलेलं आहे किंवा ॲडॉप्टर तिरका आहे. दुसरा ॲडॉप्टर लावून पाहिलं, की यांतलं कोणतं ते ठरतं.