ई-रीडरचं पान उलटताना लुकलुकतं का?

साताऱ्या-सांगलीच्या अभ्यासिकांत ई-रीडरचा, म्हणजे किंडलसारख्या पुस्तकं वाचायच्या यंत्राचा, विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'त्यातून रेडिएशन येत नाही, डोळे बिघडत नाहीत.' मोबाइलच्या पडद्यातून येतो तो साधा दृश्य प्रकाश. त्याला भ्यायचं तर ट्यूबलाइटलाही भ्यावं लागेल. डोळे शिणतात ते तासन्‌तास जवळ बघितल्याने आणि पापण्या कमी लवल्याने, आणि हे ई-रीडरवरही होतं. मोबाइलला चिकटवायच्या 'अँटी-रेडिएशन' चकत्यांवर तर रुपयाही घालवू नये.

ई-रीडरचं वेगळेपण आहे त्याच्या शाईत. पडद्याखाली केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात. कुपीत पारदर्शक तेल, त्यात पांढरे आणि काळे कण, दोहोंवर विरुद्ध विद्युतभार. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे घराच्या पांढऱ्या रंगात असतो तोच पदार्थ. सुमारे १५ व्होल्टचा दाब एका दिशेने दिला की पांढरे कण वर येतात, दिशा उलटली की काळे. दाब काढला तरी कण आहेत तिथेच राहतात. म्हणून उघड्या पानाला पडदा वीज खात नाही. खातो ते पान उलटताना.

खरी गोची करड्या रंगाची. पडद्याला १६ छटा दाखवायच्या असतात आणि करडा म्हणजे अर्ध्या वाटेत थांबवलेले कण. किती धक्का द्यायचा हे कण आधी कुठे होते त्यावर ठरतं. आधीची छटा आणि हवी ती छटा अशा १६ × १६, म्हणजे २५६ जोड्या. प्रत्येक जोडीसाठी काही मिलिसेकंदांच्या धक्क्यांची मालिका तक्त्यात लिहिलेली असते. थंडीत तेल दाटतं, कण मंदावतात, म्हणून तापमानानुसार तक्ते वेगळे आणि आत तापमापक सेन्सर. डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे पान रेंगाळलं तर यंत्र बिघडलेलं नाही. त्यात दोन्ही दिशांच्या धक्क्यांची बेरीज शून्याच्या जवळ ठेवावी लागते, नाहीतर पडद्याचंच आयुष्य घटतं. एवढं करूनही बारीक चुका साचतात आणि मागच्या पानाची पुसट छाया उरते. ती घालवायला सगळे कण काळ्या आणि पांढऱ्या टोकाला नेऊन नव्याने मांडतात. लुकलुक ती हीच. छाया खटकत असेल तर सेटिंगमध्ये 'प्रत्येक पानाला रिफ्रेश' चालू करा. बॅटरी थोडी जास्त जाईल.

रंगीत कॅलिडो पडद्यात याच काळ्या-पांढऱ्या थरावर रंगांची गाळणी बसवलेली असते. इंचाला ३०० ठिपके रंगात १५० होतात, आणि गाळणी प्रकाश शोषत असल्याने पान मळकट दिसतं. कादंबऱ्या वाचणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाचायच्या असतील तर ठिपक्यांपेक्षा रुंदी बघा. ६ इंची पडदा जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद, ए-फोर पान २१. स्कॅन केलेल्या पीडीएफमधलं १२ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटवर येतं. अनुस्वार आणि रफार शोधत बसावं लागतं. यंत्र आडवं धरलं तर अक्षर ७ पॉइंटचं, १०.३ इंची पडद्यावर ९ पॉइंटचं. ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. कोबो कंपनीचा ई-रीडर ते थेट उघडतो. किंडलवर मात्र केबलने टाकलेलं ईपब उघडत नाही, ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सेवेतून पाठवावं लागतं.

'बॅटरी सहा आठवडे' याचा हिशेब बहुधा रोज अर्ध्या तासाचा, तोही वायफाय बंद ठेवून. म्हणजे एकूण २१ तास. रोज तीन तास वाचणाऱ्याला आठवडाच.

दुकानात जाताना आपलीच मराठी पीडीएफ आणि ईपब न्या. 'कृष्णा', 'वऱ्हाडी', 'क्षेत्र' यांतली जोडाक्षरं नीट जुळतात का बघा. पडद्यावर प्रकाश टाकणारा दिवा मंद करून खालच्या कडेला सावल्यांचे पट्टे दिसतात का तपासा. एलईडी बहुधा तिथेच ओळीने बसवलेले असतात. कव्हर कडक पाठीचंच घ्या. बहुतेक पडद्यांत शाईच्या थरामागे पातळ काच असते आणि एसटीच्या गर्दीत सॅक दाबली गेली की तडकते ती. पुढून ओरखडाही नसतो, पण अर्ध्या पडद्यावर जुनं पान तसंच गोठून राहतं, कारण तिथल्या कणांना हलवणारी वीजच पोचत नाही.