हप्ता वाढला म्हणून पॉलिसी सोडण्याआधी
साठी ओलांडलेल्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी

आरोग्य विम्याच्या रिन्यूअलची नोटीस हातात पडली की ज्येष्ठ ग्राहक विचारतात, "एवढा कसा वाढला?" आणि लगेच, "आता बंदच करून टाकू का?" आम्हाला काळजी वाटते ती या दुसऱ्या प्रश्नाची. वर्षानुवर्षं हप्ते भरायचे आणि आजारपणाचं वय आलं की पॉलिसी सोडायची, हे नुकसान सहसा भरून निघत नाही. पुन्हा घ्यायला गेलात तर कंपनी नकार देऊ शकते. दिलीच, तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो काळ, नव्याने मोजला जातो, आणि तो ३ वर्षांपर्यंत असू शकतो. शिवाय सलग ५ वर्षं चालू राहिलेल्या पॉलिसीत, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, 'आजार लपवला' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. खंड पडला की हे संरक्षणही गेलं.

सरकारचं लक्ष आहे का?

आहे. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इर्डाने ३० जानेवारी २०२५ रोजी आदेश काढला: ६० वर्षं आणि त्यापुढच्या ग्राहकांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी इर्डाशी सल्लामसलत करायची. ज्येष्ठांना दिली जाणारी वैयक्तिक पॉलिसी बाजारातून काढून घ्यायची असली तरी हाच नियम.

पण हा आदेश म्हणजे हप्ता गोठवणं नव्हे. ३०,००० रुपयांचा हप्ता दरवर्षी १० टक्क्यांनी वाढला, तर आठव्या वाढीनंतर तो ६४,००० च्या पुढे जातो, तेही नियमात राहून. आणि पन्नाशीतल्या ग्राहकाला या आदेशाचा आधार नाही. आमच्या मते ही मोठी उणीव आहे, कारण परवडत नाही म्हणून पॉलिसी सोडण्याचा विचार त्या वयातही होतोच.

वाढीचं मूळ बहुतेक वेळा हॉस्पिटलच्या बिलात असतं. इर्डाचा अधिकार विमा कंपन्यांवर चालतो, हॉस्पिटलच्या दरांवर नाही. म्हणूनच त्याच आदेशात कंपन्यांना आयुष्मान भारत योजनेच्या धर्तीवर हॉस्पिटलांशी पॅकेजचे दर ठरवून घ्यायला सांगितलं आहे.

खरी वाढ कशी मोजायची

इथे पुष्कळ जण फसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधी तो १८ टक्के होता. समजा, त्या तारखेआधीच्या पावतीवर मूळ हप्ता ३०,००० आणि जीएसटी ५,४००, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये आहेत. नवी नोटीस ३६,००० ची आली. वाटतं, सहाशेच वाढले. प्रत्यक्षात मूळ हप्ता ३०,००० वरून ३६,००० झाला, म्हणजे २० टक्के वाढ, आणि करमाफीचा सगळा फायदा त्यात जिरला. तेव्हा तुलना नेहमी मूळ हप्त्याची मूळ हप्त्याशीच करा. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीला ही करमाफी नाही.

१० टक्क्यांहून जास्त वाढ दिसली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी विचारा: वाढ कशामुळे, आणि इर्डाशी सल्लामसलत झाली का? फोनवरच्या उत्तरावर थांबू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

एक गैरसमज असा, की गेल्या वर्षी क्लेम घेतला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकते. तसं तिला करता येत नाही.

तरीही झेपत नसेल तर

पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करता येते. अर्ज मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी करावा लागतो. भोगून झालेला प्रतीक्षा काळ जुन्या विमा रकमेपुरता सोबत येतो. नवी कंपनी नाही म्हणू शकते, म्हणून तिचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. दुसरा मार्ग डिडक्टिबलचा, म्हणजे बिलाचा सुरुवातीचा ठरावीक भाग स्वतः भरायचा, हप्ता उतरतो. पण तेवढी रक्कम बँकेत तयार असेल तरच हा मार्ग घ्या. विमा रक्कम कमी करणं आम्ही अगदी शेवटी सुचवतो, कारण नंतर ती वाढवायची म्हटलं की कंपनी तब्येत नव्याने तपासू शकते.

मुदत संपायला दोन महिने असताना गेल्या दोन वर्षांच्या पावत्या, नवी नोटीस आणि पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान) घेऊन या. पॉलिसी आमच्याकडून घेतलेली नसली तरी चालेल. हिशोब आपण समोरासमोर बसून करू, आणि कंपनीला द्यायचं पत्रही इथेच लिहून देऊ.