उंचावरची कॉफी पांचट का लागते?

हिमालयात ट्रेक करून आलेली मंडळी एक तक्रार हमखास करतात: वर कॉफी पांचट लागते, कारण तिथे पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं. यातला उकळण्याचा भाग अगदी खरा आहे. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब घटतो, आणि साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर पाणी ९४-९५ अंशांना उकळतं, ३५०० मीटरवरच्या लेहमध्ये ८८ च्या आसपास, आणि ५३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला ८२-८३ अंशांनाच. तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही, हेही खरं. पण कॉफी बिघडायचं कारण हे नाही.

डाळ शिजते म्हणजे तिच्यातला स्टार्च फुगतो, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं. हे रासायनिक बदल आहेत आणि तापमान थोडं जरी उतरलं तरी ते फार मंदावतात. कॉफीचं असं शिजणं भाजतानाच, २०० अंशांच्या वर, उरकलेलं असतं. आपल्या पातेल्यात होतं ते फक्त विरघळणं. भाजलेल्या बीच्या वजनापैकी जेमतेम ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. बाकीचा सेल्युलोजसारखा न विरघळणारा सांगाडा. त्यातून बीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के एवढा भाग पाण्यात आला की कॉफी चांगली जमली असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याहून कमी आला तर कॉफी आंबट आणि पातळ, जास्त आला तर कडवट.

आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. कॉफीच्या एका कणाच्या पोटात कॅफिनचा एक रेणू आहे असं धरा. गरम पाणी कणाच्या छिद्रांत शिरतं आणि तो रेणू सुटा होतो, पण त्याला बाहेरची वाट कोणी दाखवत नाही. पाण्याचे रेणू चारी बाजूंनी त्याला धक्के देत राहतात आणि तो दिशाहीन भरकटतो: दोन पावलं पुढे, एक मागे, तीन बाजूला. अशा भरकटण्याचा हिशेब आइन्स्टाइनने १९०५ साली मांडला. सरळ चालणाऱ्याला दुप्पट अंतराला दुप्पट वेळ लागतो, भरकटणाऱ्याला चौपट. अंतर तिप्पट झालं तर नऊपट. म्हणजे पाव मिलिमीटर आतून बाहेर यायला रेणूला एक मिनिट लागत असेल, तर अर्धा मिलिमीटर आतून यायला चार मिनिटं लागतील. कॉफीची पूड किती बारीक हवी, हा प्रश्न खरं तर या वर्गाच्या नियमाचा आहे. तापमानाचा प्रभाव त्याच्यापुढे किरकोळ ठरतो.

किती किरकोळ, तेही काढून पाहू. भरकटण्याचा वेग, म्हणजे विसरणाचा (रेणू पसरत जाण्याचा) गुणांक, निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात आणि पाण्याच्या चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १०० अंशांना पाण्याचा चिकटपणा ०.२८ मिलिपास्कल-सेकंद, ८८ अंशांना ०.३२. निरपेक्ष तापमान ३७३ वरून ३६१ केल्व्हिनवर येतं. दोन्हींचा गुणाकार केला तर लेहमध्ये रेणूंना बाहेर पडायला साधारण १८ टक्के जास्त वेळ लागतो. मुंबईत जे काम चार मिनिटांत होतं त्याला तिथे पावणेपाच मिनिटं लागतील. फरक एवढाच!

आणि पूड पाण्यात भिजवून ठेवायची साधी पद्धत वापरली, तर हा फरकही जवळजवळ पुसला जातो. रेणू बाहेर पडू लागले की बाहेरचं पाणी दाट होत जातं. काही रेणू परत कणात शिरू लागतात. शेवटी जाणारे आणि येणारे सारखे होतात आणि निष्कर्षण, म्हणजे पुडीतला अर्क पाण्यात उतरणं, आपोआप थांबतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या विल्यम रिस्टेनपार्ट आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली हे मोजून दाखवलं. भिजवलेली कॉफी समतोलाला पोहोचली की पूड भरड असो वा बारीक, बी कमी भाजलेली असो वा जास्त, पाणी ८० अंशांचं असो वा ९९, पुडीतून उतरणारा भाग जवळपास तेवढाच राहतो: २१ टक्क्यांच्या आसपास. ८० ते ९९! बेस कॅम्पपासून दादरपर्यंतचं जवळजवळ सगळं उकळतं पाणी या पट्ट्यात बसतं. कॉफी किती दाट होणार हे ठरतं एकाच गोष्टीवर, पूड आणि पाण्याच्या प्रमाणावर.

मग वर ती पांचट का लागते? पूड कमी पडते म्हणून. सामान हलकं ठेवायचं म्हणून मोजकी पूड नेलेली असते आणि प्यायचा मग मात्र मोठा असतो. शिवाय थंडीत सगळ्यांना घाई, त्यामुळे समतोल येण्याआधीच ती गाळली जाते. पातळ स्टीलच्या मगमध्ये ती भराभर निवते, आणि निवलेल्या कॉफीतून सुगंधी रेणू नाकापर्यंत कमी पोहोचतात.

प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम पूड, म्हणजे २५० मिलिलिटरच्या मगला १५ ग्रॅम. त्यातले २१ टक्के उतरले की तीन ग्रॅमहून थोडा जास्त ऐवज कपात येतो, म्हणजे जवळपास सव्वा टक्क्याचं द्रावण. घरच्या वजनकाट्यावर आपल्या पोह्याच्या चमच्यात किती पूड मावते ते एकदा पाहून ठेवा, की ट्रेकला काटा न्यायला नको. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, पूड घालायची, एकदा ढवळायचं, झाकण ठेवायचं आणि पाच-सहा मिनिटं थांबायचं. पूड घालून खळखळ उकळू नये. घरभर सुटणारा तो वास म्हणजे कपातून निघून गेलेला सुगंध असतो.

चकतीच्या दळणयंत्रावर हजारो रुपये खर्चायचीही यासाठी गरज नाही. मिक्सरमध्ये दळलं की पीठ आणि भरड एकत्र निघतात. वरून धार धरून गाळायच्या पद्धतीत ही विषमता नडते: पाणी सोपी वाट शोधत सैल जागेतून निसटतं, तिथली पूड पिळून निघते आणि बाजूची कोरडीच राहते. भिजवण्यात पीठ आधी रितं होतं आणि थांबतं, भरड मागून येऊन त्याला गाठते. आपल्याकडची जायफळाची कॉफी याच जातीची आहे. दुधात पूड, साखर घालायची, वर जायफळ किसायचं आणि गाळायचं. तिला यंत्र कधीच लागलं नाही.

एका फॅडबद्दल मात्र बोलायलाच हवं. ‘अल्कलाइन’ पाण्याची महागडी यंत्रं आणि बाटल्या विकणारे त्या पाण्याने कॉफी ‘शरीराला सोसते’ असं सांगतात. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते कॉफीतली आम्लं मारतं आणि चव सपाट होते, एवढाच त्याचा परिणाम. पुढे पोटात कॉफीपेक्षा शेकडो पट आम्लधर्मी जठररस वाट पाहत असतोच. साधं, चवीला गोडं पाणी वापरा आणि पैसे चांगल्या बियांवर खर्च करा.

राहिला गाळ. गाळणी नसेल तर चोथा खाली बसू द्यावा लागतो, आणि इथे पुन्हा तोच वर्ग भेटतो. स्टोक्सच्या नियमानुसार बारीक कणाचा बुडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. भरड कण काही सेकंदांत तळाला जातात; वीस मायक्रोमीटरच्या भुकटीला दहा सेंटिमीटर बुडायला पाव तास लागू शकतो. म्हणजे बारीक पुडीचा अर्क लवकर उतरतो पण ती उशिरा बसते, भरड पुडीचा उशिरा उतरतो पण ती लगेच बसते, आणि दोन्हीकडे हिशेब वर्गाचाच. म्हणून ट्रेकला रव्याएवढी जाडसर पूड न्यावी आणि कॉफी अलगद ओतावी. वरून थंड पाण्याचा हबका मारायची जुनी युक्ती चालते, कारण उकळी आणि तिचे बुडबुडे शांत होतात आणि चोथा वर उचलला जात नाही.

रोज दोन-तीन कप अशी न गाळलेली कॉफी पिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिच्यातल्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी गाळणी ते बहुतांश अडवते, धातूची जाळी अडवत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर घरी कागदातून गाळा. ट्रेकच्या दोन दिवसांत काही बिघडत नाही.