लिस्बन ते हेलसिंकी: अंतर तेच, वेळ वेगळी

लिस्बनहून सकाळी १० वाजता निघालेलं विमान साडेचार तासांनी हेलसिंकीला पोहोचलं, तर तिथल्या घड्याळात दुपारचे साडेचार वाजलेले असतात. फिनलंडचं घड्याळ पोर्तुगालच्या दोन तास पुढे आहे. हे दोन तास बाजूला काढले, तरी जायची आणि यायची वेळ सहसा जुळत नाही. असं का होतं?

आधी अंतर पाहू. भिंतीवरच्या नकाशावर दोन शहरं पट्टीने जोडली, तर त्या वाटेची लांबी सुमारे ३,३९५ किलोमीटर भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर सुमारे ३,३६५. तोच दोरा नकाशावर उतरवला की उत्तरेकडे फुगलेली कमान दिसते. लंडन-न्यूयॉर्क प्रवासात ही कमान दोनशेहून जास्त किलोमीटर वाचवते. इथे वाचतात फक्त तीस, म्हणजे विमानाची दोनेक मिनिटं. युरोपातल्या युरोपात पृथ्वीच्या गोलाईने वेळेत फारसा फरक पडत नाही.

फरक पाडतो तो वारा. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचे पट्टे, वाहतात, आणि प्रवासी विमानं त्याच उंचीवरून उडतात. समजा, पश्चिमेचा वारा ताशी १०० किलोमीटर आहे. आपली वाट ईशान्येची, म्हणून त्यातला ७०चाच जोर पाठीशी मिळतो. हवेत ताशी ८३० किलोमीटरने जाणारं विमान जमिनीच्या हिशेबात ९००ने धावतं आणि ३ तास ४४ मिनिटांत पोहोचतं. परतताना तोच वारा समोरून येतो, वेग ७६०वर उतरतो आणि ४ तास २६ मिनिटं लागतात.

वारा नसता, तर दोन्ही वेळा ४ तास ३ मिनिटं लागली असती. म्हणजे जाताना १९ मिनिटं कमावली आणि येताना २३ गमावली! वाऱ्याने दिलेलं आणि घेतलेलं कधीच सारखं नसतं, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून असतं. मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हा झाला नुसता उडण्याचा वेळ. वेळापत्रकातली वेळ मोजतात ती विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून, ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंत. ॲमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळावरची २००३ साली सुरू झालेली धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे, की तिथपर्यंत जमिनीवरून जाण्यातच दहा-पंधरा मिनिटं जातात.

याच्या अगदी उलट टोक स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधली विमानफेरी जेमतेम २.७ किलोमीटरची. वेळापत्रकात तिला दोन मिनिटं दिलेली आहेत, पण वारा अनुकूल असला की ती मिनिटभरातही पार पडते. तिथला विक्रम ५३ सेकंदांचा आहे.